बाळापर्यंत पोचत नाही

सातव्या महिन्यातली सून सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी डबा घेऊन बसलेल्या आपल्या सासूजवळ टेकली.

"बाळ अजून बारीकच आहे का गं?"

"हो, आई. माझं बीपीपण चढलंय. आजच ॲडमिट व्हायला सांगितलंय."

"बघ! दोन घास जास्त खा, सांगून सांगून घसा कोरडा पडला माझा."

"खाण्याचा प्रश्नच नाही, आई. बाळाला पोसणाऱ्या वारेकडे रक्त नेणाऱ्या नळ्या पहिल्यापासूनच अरुंद राहिल्यात. मी कितीही खाल्लं तरी बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही."

"असं डॉक्टरबाई म्हणाल्या?"

"मी दोनदा विचारलं. म्हणाल्या, यात तुमची काही चूक नाही."

"आणि हे पाय सुजणं, डोकं ठणकणं?"

"तेही त्यातलंच."

"माझेही सुजले होते. पहिल्या वेळी."

"यांच्या वेळी?"

"त्याच्या आधी मुलगी झाली होती मला. एवढीशी. दोन दिवस राहिली. सगळे म्हणाले, आईनं खाण्याची हेळसांड केली."

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"डॉक्टरबाई परत भेटतील ना तुला?"

"भेटतील की."

"मग अजून एकदा विचार. या वेळी माझ्यासाठी."