छापलेलं ‘लवकरच’

मंडळी, तुमी कामंधंदे टाकून भाऊच्या फोटोपुढं येऊन बसले. शिरपूरहून पाव्हणे आले, रिसोडचे व्यापारी आले. मी भाऊचा धाकटा भाऊ. मले बोलाले उभं केलं. चुकलं-माकलं पोटात घाला.

रिठदच्या याच पारावर भाऊ रोज सकाळी पेपर वाचून दाखवे. किडन्या निकामी झाल्या, डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या, तरी वाचणं सुटलं नाही. वयनीनं आपली एक किडनी द्याचं ठरवलं. तपासण्या झाल्या, जुळली. डॉक्टर म्हणे, आता उशीर करू नका. अन् तेवढ्यात पेपरात बातमी आली. मोठ्ठ्या अक्षरात. निकामी किडनी पुन्हा चालू होणार, औषध लवकरच!

भाऊ म्हणे, "आता हिले कायले कापाचं? औषध येऊन राह्यलं."

मी ते पान डॉक्टरले दाखवलं. त्यायनं शेवटपर्यंत वाचलं. म्हणे, "काका, हे उंदरांवर झालं. माणसावर अजून काहीच नाही." पार खाली एका ओळीत तसं लिहेल होतं. भाऊ हसला. म्हणे, "पण लवकरच लिहेल आहे ना?"

मंडळी, भाऊ कोणाच्या लवकरचवर बसणारा माणूस होता काय? रिसोडच्या स्टँडवर चौकशीवाला म्हणे, गाडी लवकरच येईन. भाऊ सरळ जीपमंधी बसे. म्हणे, याचं लवकरच मले माहीत आहे. मंग छापलेल्या लवकरचवर काहून बसला? मले त्या लिहिणाऱ्याचा लय राग येते. उंदराचं नाव वर मथळ्यात लिहाले जागा नव्हती काय?

मी रिसोडले निघालो का भाऊ म्हणे, मेडिकलवर इचारून ये. मी इचारत गेलो. दुकानदार मान हालवे. शेवटी ऑपरेशन झेपावं असं भाऊचं अंगच राह्यलं नाही.

काल वयनी म्हणे, "भाऊजी, माही किडनी माह्याजवळच राह्यली. उंदरं बरे झाले."

भाऊ गेल्याची बातमी आज त्याच पेपरात आली. तिच्याच वर छापलं, शुगर कायमची जाणार. लवकरच. तुमच्यातल्या काही जणायनं ते कापून खिशात ठेवलं, मले दिसलं. मी सांगून तुमी ऐकसान असं वाटत नाही. भाऊनंबी ऐकलं नाही.

उभे राहा मंडळी. हात जोडा. थोडा वेळ कोणी बोलू नका, काही वाचू नका. भाऊ, आमचा नमस्कार घे. तुहं वाट पाहणं सरलं.