मूठ वर गेली न्हाय

मी लिहायला बसावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि दुसऱ्याचं आयुष्य कागदावर उतरवताना हात कचरतो. मिशनच्या शाळेचे माळी कल्लाप्पाआण्णा बोलले तसं ठेवलं आहे. काही निसटलं असेल तर दोष माझा.

आमचं गाव जांबोटीच्या पल्याड, रानात. भात आन् जनावरं, दुसरं काय न्हाय. बेळगावात आलो ते शाळंच्या झाडांना पाणी घालायला. तिथला पाद्री अमेरिकेचा, लई भला, त्यानं पोरांना बेसबॉल शिकवला. दांडक्यानं चेंडू मारायचा, चार कोपरं पळून परत घरला यायचं, तिथं चेंडू आधी आला तर औट. पोरं सारखी भांडायची, तवा पाद्री म्हणाला, कल्लाप्पा, तू पंच. हात धरून शिकवलं त्यानं. आधी थांबायचं, चेंडू हातात पक्का बसलाय का बघायचं, मग उजवी मूठ वर न्यायची आन् मोठ्यानं औट म्हणायचं. वाचला तर दोन्ही हात आडवे पसरायचे. घाई न्हाय.

पर पोरं आमच्याकडचीच की. म्हणाली, भंडारा उचलल्याबिगर पंच कसला? गावात हुतूतूचा पंच बेल-भंडारा उचलून खोटं बोलणार न्हाय म्हणतो, मग खेळ. मी बी उचलला. पाद्री हसला, अरे नुसता खेळ हाय. त्याला खेळ, मला देवाची आण.

माझा परशा त्याच शाळंत, पळायला वारा. लढाई लागली तसा पलटणीत जातो म्हणून हटून बसला. त्याची आई म्हणाली, माझ्या मड्यावरनं जा. शेवटी मायलेकात ठरलं, शहापूरच्या पोरांना हरवलं तर जा, न्हायतर गप घरात ऱ्हा. त्या दिवशी सकाळी ही मला म्हणाली, अवो, तुमच्याच हातात हाय, एक मूठ वर करायला काय जड हाय? काय सांगू बाळा तुला, मी भाकरी तशीच ठेवून उठलो.

शेवटचा डाव, बरोबरी झालेली. परशा घसरत घरला आला, चेंडू बी आला, धुरळाच धुरळा. कुंपणापास्नं ही वरडली, औट! पोरं खिदळली, परशाची आई शहापूरची झाली रं! शहापूरकर म्हणाले, आण्णा, पोरगा म्हणून गप का? माझी मूठ छातीपतोर आलती. देवा, चेंडू शहापूरच्या पोराच्या हातात असू दे म्हणत थांबलो. धुरळा बसला. चेंडू मातीत पडलेला. परशा खालनं बघत हुता, आप्पा, बोला की.

दोन्ही हात पसरलं.

ही कितीतरी दिवस माझ्याशी बोलली न्हाय. परशा गेला. त्याची पलटण सिंगापूरला हुती, ते जपानच्या हातात पडलं तसा त्याचा पत्ताच लागंना, सरकार नुसतं सापडत न्हाय म्हणायचं. लेकराला गोळी लागू नये म्हणून हिनं मंगळवार धरलं, लढाई सरेपतोर पायात वहाण घातली न्हाय.

परवा संकेश्वरचा एक शिपाई आला, परशाच्या पलटणीतला. हिनं पाणी दिलं, जेवाय वाढलं. त्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, काकी, गोळीबिळी काय न्हाय. कैदेत पयल्याच पावसात हगवण लागली, त्यात गेला. तवापास्नं न्हायच त्यो.