माझं लक्ष सुईत होतं

हॅलो?… हो, बोल गं. नाही, मशीनवर बसले होते. थांब, बंद करते… हं, आता ऐकू येतंय. तुझ्याकडून कसला आवाज येतोय?… भांडी? बरं, घास, घास, बोलता बोलता.

… हो, सिनेमा रविवारीच दाखवणार आहेत. सकाळच्या उपासनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये. पडदासुद्धा मीच शिवून दिलाय, चार पांढऱ्या चादरी जोडून.

… नाव येणार ना. ‘वेशभूषा’ म्हणून, एकटीचं. मेकअपच्या पाटीवर मात्र कोणाचंच नाव नाही. पाटीच काढून टाकली.

… तुझी छोटी येत नाही म्हणते? काय म्हणाली नेमकं?… परीक्षा. हं.

… नाही गं, आमचं भांडण नाही झालं. भांडली असती तर बरं झालं असतं.

… काही नाही. असंच म्हटलं.

… हो, माहितीये, किती हौसेनं आली होती सुट्टीत. शूटिंगच्या पहिल्या दिवशी तो नियमांचा कागद मिळाला, तर रात्री मला वाचून दाखवत होती, पाळकसाहेबांचा आवाज काढून. बारा नियम. वेळेच्या आधी पंधरा मिनिटं यायचं. फोन टोपलीत टाकायचा. कलाकार जेवल्याशिवाय स्वयंसेवकांनी ताटाला हात लावायचा नाही. कॅमेरा चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज चढवायचा नाही, हात उचलायचा नाही. कोणाबद्दल काही खटकलं तर आपापसांत कुजबुजायचं नाही, सरळ समितीकडे जायचं. प्रार्थना झाली आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मीही केली. छोटीनं तर नावाखाली फूल काढलं.

… गोष्ट? ती मेजवानीची. श्रीमंत माणूस जेवायला बोलावतो, बोलावलेले येत नाहीत, मग तो रस्त्यावरच्या भुकेल्यांना आत घेतो. यजमान झाला होता पाळकसाहेबांचा धाकटा भाऊ. सगळे त्याला सेटवरही यजमानच म्हणायचे.

… कोणी सांगितलं तुला?… हो, मारली. त्या यजमानाच्याच थोबाडीत. मेकअप करायला येणाऱ्या पार्लरवालीनं, सेटवर, हे खरं आहे.

… नाही, डोकं फिरलं नव्हतं तिचं… अगं ऐक ना… तिला काही बोलू नकोस. माझ्यासमोर तरी नकोच.

… का म्हणजे? छोटी घरात आहे का?… आतल्या खोलीत. बरं. तू नळ बंद कर आणि बस. बस गं, सांगते.

… गुरुवार होता. मेजवानीचं मोठं दृश्य. साठ माणसं, रस्त्यावरची म्हणून. सगळ्यांचे कपडे मी चहाच्या पाण्यात बुडवून मळके केले होते. रविवारशाळेच्या वर्गात आमची कपड्यांची खोली, मधे पडदा टाकून दोन भाग. यजमानाचा झगा जड, वर चार हात लांब कमरपट्टा. एरवी मीच बांधायचे. त्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या बाहीचा टाका सुटला होता, तो घालत होते. म्हणून मी छोटीला म्हटलं, जा, पलीकडे जाऊन पट्टा बांधून ये.

… हो. मीच पाठवलं.

… सांगते ना. घाई करू नकोस, मला जमणार नाही मग.

… पडदा वीतभर उघडा होता. ती पट्टा बांधायला वाकली आणि त्यानं तिला धरलं. दोन्ही हातांनी, जवळ ओढून. ती मान फिरवतेय, कोपरानं ढकलतेय, तो हसतोय आणि सोडत नाही. हात कुठे कुठे… ते तिनं सांगितलं तर ऐक, मी नाही सांगत. आणि तोंडातून आवाज नाही काढला पोरीनं. बाहेर हॉलमध्ये कॅमेरा चालू झाला होता ना. सगळीकडे चिडीचूप. नियम पाळत होती ती.

… मी? मी बसलेली. बाही मांडीवर.

… नाही उठले.

… ऐकतेस ना?… पार्लरवाली पावडरचा डबा घेऊन मागच्या दारानं आली. तिनं पाहिलं, डबा खाली ठेवला, आणि अशी एक ठेवून दिली त्याला की हॉलमधल्या आवाजवाल्यानं कानावरचं यंत्र काढून फेकलं. शूटिंग थांबलं.

… मग काय, समिती बसली. पाळकसाहेब, पाळकबाई आणि शाळेचे हेडमास्तर. यजमान म्हणाला, मुलगी पाय अडकून पडत होती, मी सावरलं. पार्लरवालीनं पाहिलं ते सांगितलं. मग छोटीला विचारलं. ती आधी खालीच बघत होती. मग मान वर करून म्हणाली, “मावशीला विचारा. मावशी तिथेच होती.”

… हो. माझ्याकडे बघत म्हणाली.

… मी म्हटलं, “माझं लक्ष सुईत होतं.”

… हॅलो?… आहेस ना?

… एवढंच म्हटलं. पाळकबाईंनी ‘आभारी आहोत’ म्हटलं. पार्लरवालीला हात न उचलायचा नियम वाचून दाखवला, खाली तिची सही दाखवली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. वर तिच्या मनाला शांती मिळावी म्हणून प्रार्थना केली. मीही डोळे मिटले त्यात.

… छोटीला म्हणाले, गैरसमज मनात ठेवू नकोस, बाळ. घरी येईपर्यंत एक शब्द नाही बोलली माझ्याशी. जेवली नाही. सकाळी मी उठायच्या आत अंथरुणाची घडी घालून बसस्टँडवर गेली. तुला मी काय सांगितलं होतं, आठवतंय? अभ्यास आहे म्हणून लवकर निघाली, असं.

… दे शिव्या. दे. मी ऐकते.

… कारण विचारतेस? कारण काय, माझं दुकान चर्चच्या खोलीत आहे. अकरा वर्षं. शाळेचे गणवेश, गायनवृंदाचे झगे, सगळं काम त्यांच्याकडूनच मिळतं. पाळकसाहेबांच्या भावावर बोट दाखवायचं आणि परत त्यांच्याच खोलीत मशीन चालवायची… अगं, मी काही समर्थन करत नाहीये. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

… पोटची असती तर? माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. रोज विचारते मी स्वतःला.

… गेले होते ना पार्लरवालीकडे, सोमवारी. चर्चच्या मंडळीतल्या बायका आता तिच्या पार्लरची पायरी चढत नाहीत. एकटीच बसली होती. मला बघून उठली, खुर्ची पुसली, “बसा” म्हणाली, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मागे उभी राहिली आणि विचारलं, काय करायचंय. आरशात दोघी दिसत होतो. मी दोनदा तोंड उघडलं. आणि काय सांगू तुला… केस कापून घेतले आणि आले.

… हो, तेवढंच. तिनं मानेवरचे केससुद्धा नीट झटकून दिले.

… छोटीला? नको, आत्ता नको… काय?… दारात उभी आहे? कधीपासून?… अगं, मग फोन स्पीकरवर होता का इतका वेळ?… हात ओले होते. हं.

… नाही. ओरडत नाही मी. बरं झालं.

… दे तिला.

… हॅलो. हो, मी.

… नव्हतं, बाळा. सुईत नव्हतं लक्ष. दोरा कधीच ओवून झाला होता.

… पाहिलं. सगळं. तू पडद्याकडे बघितलंस, तेही.

… नाही, तुला वाटलं ते बरोबरच होतं. भास नव्हता तो. तू वेडी नाहीस.

… रविवारी सांगेन. सिनेमा लागायच्या आधी, सगळ्यांपुढे उभी राहून. त्याचं नाव घेऊन.

… नाही, चिठ्ठी नाही. तोंडानं.

… दुकान जाईल, माहितीये. मशीन माझी आहे, ती कुठेही चालेल.

… तुझ्यासाठी करू नको म्हणतेस. बरं… आधी पार्लरवालीकडे जाऊन तिला सांगायचं. तिच्या तोंडावर. हो, आजच जाते, अजून उघडं असेल.

… आणि तू येशील का रविवारी? नुसती मागे उभी राहिलीस तरी…

… बरं.

… नाही, रागावले नाही. मी कशी रागावेन. तू नसलीस तरी बोलायचं, कळलं.

… माफी नाही मागत, ती आत्ता मागायची नाही हेही कळतं मला.

… हो. ठेव. आईला पाणी दे आधी, ती रडतेय… ठेव तू.