झाडावरची गोधडी

हसाल तुम्ही, पण मी व्हिडिओ कॉलवरच्या झाडाला घाबरायचो. धाकटा भाऊ सलीम कॅनडात. कॅन्सरच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्याने परसात गांजाचं झाड लावलं होतं. तिकडे कायद्याने चालतं. इथे सौदीत, रास तनुऱ्यात मी ओरडायचो, "कॅमेरा तोंडावर ठेव. माझा इकामा जाईल, इथे राहायचा परवानाच काढून घेतील."

तिकडचा उन्हाळा तो केवढासा. फुलं तयार व्हायच्या आतच दव गोठायला लागलं. त्या दिवशी त्याने मुद्दाम कॅमेरा फिरवला.

"बघ भाई, आता झाड दिसत नाही."

झाडावर रत्नागिरीहून नेलेली अम्मीच्या हातची गोधडी होती.

"अरे, मग तू काय पांघरतोस?"

"मला आता थंडी कळत नाही, भाई."