खिडकीबाहेरचा तास

खरं सांगू, त्या नव्या मॅडमवर मी लय जळत होतो. वडनेरच्या शाळेत मी दहा वर्षं रसायनशास्त्राच्या शाखा पोरांकडून पाठ करून घेतल्या. मॅडमनं एका तासात सांगितलं, "साखर सेंद्रिय, मीठ असेंद्रिय. दोन्ही गरम पाण्यात लवकर काऊन विरघळतात, ते भौतिक रसायनशास्त्र." पोरं पुरी त्यांच्या मागं.

एक दिवस मॅडमची चूक पकडायले मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राह्यलो. अर्धा तास झाला, पण चूक काही सापडली नाई. तेवढ्यात खिडकीजवळची पोरगी हळूच म्हणाली, "सर, आत येऊन बसा ना. तुमच्या तासाले आमालेबी समजत नव्हतं."

मी आत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो.