रुसलेले व्याही

परदेशात होणाऱ्या गाण्यांच्या स्पर्धेत एकदा आपल्या देशातर्फे आमची अक्का जाणार होती, हे तुम्हाला खरं वाटायचं नाही. गावात नुकते टीव्ही येत होते तेव्हाची गोष्ट. निवड जळगावला होती, दिल्लीहून परीक्षकबाई आलेल्या. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नशिराबादला दिलेली. लग्नात व्याह्यांची खिल्ली उडवणारी गाणी म्हणावीत तर तिनंच. पेटीवर मी.

वेळ संपली, घंटा वाजली, तरी अक्का थांबेना. पुन्हा घंटा वाजली, तर तिनं परीक्षकबाईंच्या नाकातल्या चमकीवरच नवं कडवं रचलं. मी घाबरून म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे समोरच्या पक्षानं उलट गाणं म्हटल्याशिवाय हे थांबत नाही."

बाई पंजाबच्या निघाल्या. त्यांनी ओढणी कमरेला बांधली आणि त्यांच्याकडचं लग्नातलं गाणं असं ठणकावून म्हटलं की अक्का खूश होऊन गप्प बसली. निवड तिथंच झाली.

घरी पासपोर्टची बोलणी सुरू झाली, तेव्हा अक्कानं एवढंच विचारलं, "तठे उलट गानं कोन म्हनी?"

मी सांगितलं, कुणीच नाही. आपण गायचं आणि बाकीच्या देशांनी ऐकून गुण द्यायचे.

"बठ्ठा गप्प बसतीन?"

"बठ्ठा. सगळेच."

अक्का चुलीकडे वळली आणि भाकरी थापायला बसली.

"मंग ते व्याही रुसेल शेतस. पहिले त्यासले समजाड, मंग माले सांग."