रुसलेलं कुत्रं

बायको गेल्यावर तिच्या उरलेल्या गोळ्या परत द्यायला मी दवाखान्यात गेलो होतो. शेजारच्या बाकावर नर्सबाई एका आजींची चावलेली पोटरी धूत होत्या.

"कुत्रं कुणाचं, आजी?"

"रस्त्यावरचं. पळून गेलं."

"मग हातावर हा साखळीचा वळ कसला?"

"तू नर्स आहेस का फौजदार?"

"आम्ही कुत्रं मारत नाही, आजी. दहा दिवस बांधून ठेवायचं. आमचा माणूस रोज बघून जातो."

"आमचंच आहे. हे गेल्यापासून तेवढंच आहे मला."

"खातंय ना नीट?"

"दोन दिवस तोंड लावलं नाही. रुसलंय."

"पाणी?"

"गिळत नाही. नुसती लाळ गळते."

"घरात आणखी कुणाला चावलंय?"

आजी पाय ओढून घेऊन उठायला लागल्या.

"आजी, इंजेक्शनचा उपयोग आत्ताच आहे. आजार दिसायला लागला की आमच्या हातात काही राहत नाही."

"सुनेच्या बोटाला. मीच म्हटलं, बोभाटा करू नकोस, त्याला घेऊन जातील."

"फोन लावा तिला."

"सूनबाई, आधी बोट साबणाने चांगलं धू, मग असशील तशी इकडे ये. नाही, त्याला पाणी ठेवायला जाऊ नकोस. हाकसुद्धा मारू नकोस. दार बाहेरून लावून घे."